भाड्याचा चेनसॉ आणि लाकडातला ताण

वादळानंतर आवारात जे काही पडले होते ते सगळे एकाच पद्धतीने कापायचे नाही, एवढे ठरवण्यात पहिली सकाळ गेली, आणि संपूर्ण कामातला तोच सर्वांत महत्त्वाचा भाग होता असे माझे मत आहे. जमिनीवर मोकळ्या पडलेल्या फांद्या सोप्या होत्या. मुळांसकट उन्मळून आडवे झालेले एक झाड अवघड होते, पण जमण्यासारखे होते. तिसरे खोड मात्र मधूनच मोडून शेजारच्या उभ्या झाडाच्या बेचक्यात अडकून राहिले होते आणि त्याला हात लावायचा नाही हे मी लगेच ठरवले. असे अडकलेले खोड कधी आणि कोणत्या बाजूला सुटेल हे खालून सांगता येत नाही. त्याला आधार देणारे झाड कापायला गेले तर दोन्ही झाडे एकदम अंगावर येऊ शकतात, आणि खालून त्याचे तुकडे करत गेले तर प्रत्येक तुकड्यागणिक ते उभे होत होत कापणाऱ्याकडेच सरकते. ते काम दोर, कप्प्या आणि चरखी घेऊन येणाऱ्या जाणकार माणसांकडे सोपवले आणि ती माणसे येईपर्यंत त्या खोडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंतची जागा दोर बांधून बंद ठेवली. विजेच्या तारेपर्यंत एकही फांदी पोहोचलेली नव्हती हे नशीब. तशी पोहोचली असती तर वीज कंपनीच्या माणसांनी तार बंद केल्याचे स्वतः सांगेपर्यंत त्या बाजूला फिरकण्याचाही प्रश्न नव्हता, कारण ओल्या फांदीतून आणि तिच्या भोवतालच्या जमिनीतूनही वीज वाहते.

घरात कुऱ्हाड, कोयता आणि हातकरवत होती. वर्षानुवर्षे तेवढ्यावर भागले होते, पण मांडीहून जाड खोड हातकरवतीने कापणे म्हणजे हौस, काम नव्हे. चेनसॉ विकत घेऊन वर्षातून एकदा वापरण्यापेक्षा भाड्याने घेणे शहाणपणाचे वाटले. परंतु भाड्याच्या यंत्राबरोबर घड्याळही घरी येते. भाडे तासावर किंवा दिवसावर मोजले जाते आणि ते मोजमाप एकदा डोक्यात सुरू झाले की माणूस पाणी प्यायला थांबत नाही, बोथट साखळी जोर लावून ढकलत राहतो आणि उजेड कमी झाल्यावरही ‘एवढे एक उरकून टाकू’ असे म्हणतो. त्यामुळे चेनसॉ आणि फांद्यांचा चुरा करणारा चिपर एकाच दिवशी आणायचा नाही असे मी आणि माझ्या मेहुण्याने ठरवले. आधी चेनसॉ आणायचा, सगळे कापून रचून ठेवायचे, तो परत करायचा आणि मगच चिपर आणायचा. दोन्ही यंत्रे एकाच आवारात एकाच वेळी गरजत असतील तर कान झाकलेल्या दोन माणसांना एकमेकांची हाक ऐकू येत नाही, हे त्यामागचे दुसरे कारण होते.

दुकानदाराने प्रथम २० इंची बार असलेला चेनसॉ पुढे केला. ज्या लांबट पोलादी पट्टीच्या कडेने साखळी धावते तिला बार म्हणतात. मोठे यंत्र म्हणजे लवकर काम, हा समज ग्राहकांत इतका पक्का आहे की दुकानदारही विचारण्याआधी मोठेच यंत्र दाखवतो. आमचे बहुतेक लाकूड २५ सेंटीमीटरच्या आतले होते. बार लाकडाच्या जाडीपेक्षा थोडा लांब असला की पुरतो. त्याहून लांब असला तर त्याचे टोक लाकडापलीकडे, आपल्या नजरेआड, कशाला तरी टेकण्याची शक्यता वाढते आणि वजनाने हात लवकर दमतात. मी १४ इंची बारचे, पेट्रोलवर चालणारे यंत्र निवडले.

भाड्याच्या यंत्राचा पूर्वेतिहास आपल्याला माहीत नसतो, म्हणून पावतीवर सही करण्यापूर्वी ते काउंटरवरच तपासून घेतले. पुढच्या मुठीसमोरची ढाल पुढे ढकलली की साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे. हाच चेन ब्रेक. मागच्या मुठीवर थ्रॉटलची कळ असते आणि तिच्या वरच्या बाजूला एक खिटी असते. ती तळहाताने दाबल्याशिवाय थ्रॉटल दबता कामा नये. इंजिन मंद चालत असताना, थ्रॉटल न दाबता, साखळी फिरता कामा नये. साखळी तुटली किंवा निसटली तर तिला अडवणारा छोटा आकडा बारच्या बुडाशी जागेवर असला पाहिजे. साखळीचा ताण पाहण्यासाठी इंजिन बंद करून, हातमोजा घालून ती ओढून पाहिली: बारच्या खालच्या कडेला ती लोंबत नव्हती आणि तरीही सहज सरकत होती. तिथल्या तंत्रज्ञाने यंत्र सुरू करून, ब्रेक लावून, थांबवून दाखवावे असा आग्रह मी धरला. मागे रांगेत उभ्या असलेल्यांना तो आवडला नसावा. आधीच्या ओरखड्यांची आणि चिरांची छायाचित्रे काढून ठेवली, साखळी बोथट झाल्यास बदलून मिळेल का, हे विचारले आणि वापराची पुस्तिका मागून घेतली. भाड्याच्या यंत्राबरोबर पुस्तिका सहसा दिली जात नाही. मागितली की मिळते.

अंगावरच्या साधनांपैकी चॅप्सबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण त्यांना अनावश्यक अवजड कपडा समजणारे पुष्कळ लोक आहेत. मांडीपासून घोट्यापर्यंत पायाचा पुढचा भाग झाकणाऱ्या या आवरणात लांब, चिवट धाग्यांचे थर असतात. फिरती साखळी वरचे कापड फाडून आत शिरली की ते धागे बाहेर ओढले जातात, साखळी जिच्यावर फिरते त्या दातेरी चकतीत गुंततात आणि साखळी अडून थांबते. म्हणजे चॅप्स साखळीला कापू न देणारे चिलखत नाही, तर तिला गुदमरवणारे जाळे आहे. त्यांची प्रतवारी साखळीच्या वेगावर केलेली असते. पहिल्या वर्गाच्या चॅप्सची चाचणी सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, या वेगाला घेतली जाते. विजेवर चालणाऱ्या काही चेनसॉमध्ये जोर अडथळ्यानंतरही कायम राहतो, त्यामुळे तिथे या धाग्यांवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. एकदा कापले गेलेले चॅप्स शिवून पुन्हा वापरायचे नसतात. म्हणून भाड्याच्या चॅप्सवर ठिगळ दिसताच मी ते परत करून दुसरे घेतले.

जाळीदार मुखपट असलेले हेल्मेट, डोळ्यांना गॉगल आणि पुढे पोलादी टोपी असलेले बूट हे सगळे होतेच. कानांविषयी मात्र एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सहन करणे ही सुरक्षिततेची मर्यादा धरली, तर आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते, आणि १०० डेसिबलला ती केवळ १५ मिनिटे उरते. पेट्रोलचा चेनसॉ १०० डेसिबलच्या वर सहज जातो. त्यामुळे ‘एकच फांदी तर कापायची आहे’ म्हणून कान उघडे ठेवण्यात अर्थ नाही.

इंधनाचे काम मेहुण्याकडे होते. त्या यंत्राला ५० भाग पेट्रोलमध्ये एक भाग टू-स्ट्रोक ऑइल लागत असे, म्हणजे पाच लिटर पेट्रोलला १०० मिलिलिटर. साखळीसाठीचे तेल वेगळ्या टाकीत भरायचे असते आणि पेट्रोल भरताना दर वेळी तेही भरले तर साखळी कोरडी पडत नाही. इंजिन निवल्याशिवाय झाकण उघडायचे नाही, पालापाचोळा नसलेल्या मोकळ्या मातीवरच भरायचे आणि भरल्या जागेपासून निदान तीन मीटर दूर जाऊनच यंत्र सुरू करायचे, हा नियम त्याने कटाक्षाने पाळला. सुरू करतानाही यंत्र हवेत धरून दोरीला हिसका देणे मला मान्य नाही, कितीही कसलेले लोक तसे करत असले तरी. ब्रेक लावून यंत्र जमिनीवर ठेवायचे, मागच्या मुठीत उजव्या बुटाचे टोक घालून ते दाबून धरायचे, डाव्या हाताने पुढची मूठ पकडायची आणि मग दोरी ओढायची.

चेनसॉची उलट उसळी, जिला सगळे किकबॅक म्हणतात, ती कुठून येते हे समजले की हात आपोआप सावध होतात. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग हे तिचे उगमस्थान आहे. तो भाग लाकडाला किंवा मागच्या फांदीला टेकला की साखळीचा दात एकदम खूप लाकूड चावायला जातो, अडतो आणि साखळीचा सगळा जोर बारला वर आणि मागे, म्हणजे कापणाऱ्याच्या मानेकडे आणि चेहऱ्याकडे, फिरवतो. हे पापणी लवण्याच्या आत घडते. विचार करून हात मागे घेण्याइतका वेळ मिळत नाही. म्हणून तयारी आधीच असावी लागते. दोन्ही हात मुठींवर, डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून घट्ट वळवलेला, डावा कोपर फारसा वाकलेला नाही आणि शरीर साखळीच्या रेषेच्या थोडे डावीकडे. डावखुऱ्या माणसानेही यंत्र असेच धरायचे असते, कारण त्याची रचनाच तशी आहे. खांद्याच्या वर यंत्र उचलायचे नाही आणि शिडीवर चढून तर मुळीच चालवायचे नाही. उंचावरची एक मोडकी फांदी मी याच कारणासाठी जाणकार माणसांसाठी ठेवून दिली.

तरीही, किकबॅकची भीती बहुतेकांना ठाऊक असते. लाकडातल्या ताणाची नसते. पडलेले झाड निपचित दिसते, पण ते आपल्याच वजनाने कुठे दबलेले आणि कुठे ताणलेले असते. दोन टोकांवर टेकलेला आणि मध्ये अधांतरी असलेला ओंडका घेतला तर त्याची वरची बाजू दबलेली आणि खालची ताणलेली असते. असा ओंडका सरळ वरून कापत गेले तर फट मिटत येते आणि बार त्यात चिमटला जातो. म्हणून आधी दबलेल्या बाजूने, वरून, जाडीच्या साधारण एक तृतीयांश काप घ्यायचा आणि मग खालून वर जात तो पूर्ण करायचा. ओंडक्याचे एकच टोक टेकलेले असेल आणि दुसरे अधांतरी असेल तर सगळे उलट होते: आधी खालून एक तृतीयांश आणि मग वरून. ताण चुकीचा वाचला तर लाकूड उभे चिरत जाते आणि फाटलेला भाग झटक्यात उसळतो. पहिल्या कापाची फट मिटते आहे की उघडते आहे, याकडे मी सतत पाहत असे. ती किंचित मिटली की थांबून प्लॅस्टिकची पाचर ठोकायची. लोखंडी पाचर साखळीला लागली तर दात जातात, आणि उडालेला तुकडा कुठे जाईल हे सांगता येत नाही.

उन्मळलेल्या झाडाचे काम याच हिशेबाने शेंड्याकडून बुंध्याकडे करत गेलो. खोडाच्या पलीकडच्या बाजूच्या फांद्या अलीकडे उभे राहून कापल्या, म्हणजे पाय आणि साखळी यांच्यामध्ये खोडाचीच भिंत राहिली. खोडाला खालून टेकू देणाऱ्या फांद्या शेवटपर्यंत ठेवल्या, कारण त्यातली एक कापली की अख्खे खोड लोळते किंवा खाली बसते. एका ठिकाणी खोडाखाली दबून धनुष्यासारखे वाकलेले कोवळे झाड होते. असे वाकलेले रोप मधोमध कापले तर ते चाबकासारखे सुटते. त्याच्या झेपेच्या बाहेर, बाजूला उभे राहून, वाकाच्या आतल्या, दबलेल्या बाजूने बारने थोडे थोडे तासत गेलो, तेव्हा धागे हळूहळू सैल होत त्यातला जोर निघून गेला. या एका बारीक झाडाला जेवढा वेळ दिला तेवढा कित्येक जाड ओंडक्यांना दिला नाही.

बुंध्याशी मात्र मी थांबलो. उन्मळलेल्या झाडाची मुळे मातीच्या गड्ड्यासह उभी राहिलेली असतात, आणि खोडाचे वजन हेच त्यांना तसे उभे धरून ठेवते. ते वजन कापून टाकले की गड्डा धाडकन परत खड्ड्यात बसू शकतो किंवा उलट बाजूला कोसळू शकतो. खड्ड्यात खेळायला उतरलेले मूल किंवा हुंगायला गेलेले कुत्रे त्याखाली सापडू शकते. म्हणून खोडाचा जवळजवळ दोन मीटर लांबीचा भाग मुळांना तसाच ठेवला, खड्ड्याभोवती दोर बांधला आणि तो शेवटचा काप अडकलेले खोड उतरवायला येणाऱ्या माणसांवर सोपवला. त्यांनी गड्डा आधी दोराने मागच्या झाडाला आवळला आणि मगच करवत लावली. त्यांच्यातला कापणारा माणूस प्रत्येक कापाआधी मागे जायचा रस्ता पायाने साफ करून घेत होता, हे पाहण्यासारखे होते.

साखळीची धार उतरल्याचे लाकूडच सांगते. चांगली साखळी जाड, चौकोनी ढलप्या फेकते आणि स्वतःहून आत ओढली जाते. बोथट साखळी पिठासारखा भुसा उडवते आणि दाबावी लागते. दाब द्यावा लागला की तोल जातो, म्हणून बोथट साखळी धारदार साखळीपेक्षा अधिक धोक्याची. आजच्या साखळीच्या दाताचा वाकडा आकार जो कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीचे जबडे पाहून कल्पिला होता. अळी आडवीतिडवी, धाग्यांच्या दिशेची पर्वा न करता कुरतडते, आणि डावीउजवीकडे आळीपाळीने बसवलेले दात तेच करतात. गोल कानशीने प्रत्येक दाताला आतून बाहेर सारखेच हात द्यायचे असतात. एका बाजूचे दात जास्त घासले गेले तर काप वाकडा जातो. प्रत्येक टाकी संपली की यंत्र निवेपर्यंत कानस चालवायची आणि हातांना विश्रांती द्यायची, असा परिपाठ ठेवला. कंपनाने बोटे बधिर होऊ लागली तर ती पुन्हा उबदार होईपर्यंत यंत्र उचलायचे नाही. वर्षानुवर्षे दुर्लक्ष करणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी पडू लागतात.

चिपर आणला तेव्हा फांद्या जाड बुडखे एका बाजूला करून रचलेल्या होत्या, कारण त्याच्या तोंडात जाड टोक आधी द्यायचे असते. चाकांवरचा चिपर गाडीला जोडताना सुरक्षा साखळ्या जोडदांड्याखाली एकमेकींना छेद देऊन बांधल्या, म्हणजे जोड निसटला तरी दांडा रस्त्यावर न पडता त्यांच्या झोळीत अडकतो. आवारात सपाट जागी उभा करून चाकांना अडण्या लावल्या आणि चुरा फेकणारे धुराडे घर, रस्ता आणि माणसे यांच्यापासून वळवले.

या यंत्राचा मला चेनसॉपेक्षा अधिक धाक वाटला, आणि तो मी लपवत नाही. चेनसॉ निदान हातात असतो. चिपर फांदी पकडतो आणि मग ती त्याची होते. रोलरने ओढलेली फांदी, माणूस हात सोडायचा विचार करेपर्यंत, हातभर आत गेलेली असते. त्यामुळे समोर उभे न राहता बाजूला उभे राहायचे, फांदी रोलरने धरली की लगेच सोडून पाठ फिरवायची, आणि फांदीची मागची टोके सटकन वळतात तेव्हा त्यांच्या वाटेत असायचे नाही. इथे लांब, सैल मनगटाचे हातमोजे चालत नाहीत. अंगठी, गळ्यातली साखळी, लोंबणारी दोरी, सैल बाही यांपैकी काहीही नको. वेली आम्ही चिपरमध्ये घातल्याच नाहीत, कारण त्या पायाला किंवा हाताला वेढा घालून माणसालाही सोबत नेतात. आखूड तुकडे हाताने किंवा पायाने ढकलायचे नाहीत. लांब फांदीच्या मागे लावून द्यायचे किंवा सरपणात टाकायचे. मातीने माखलेली मुळे आणि खडे वगळले, कारण त्यांनी पाती बोथट होतात. तोंड तुंबले तर इंजिन बंद करून किल्ली खिशात घालायची आणि आतली जड चकती पूर्ण थांबेपर्यंत थांबायचे. इंजिन बंद झाल्यावरही ती बराच वेळ फिरत राहते आणि तिच्या पात्यांना आवाज नसतो.

चिपरच्या तोंडाभोवती एक आडवा दांडा असतो. तो ढकलला की रोलर थांबतात किंवा उलटे फिरतात. फांदी घालण्याआधी तो तपासताना बराच जोर लावावा लागत असल्याचे दिसले. दुकानात दूरध्वनी केला तेव्हा ‘तो थोडा कडकच आहे’ असे उत्तर मिळाले. ज्या दांड्याचा उपयोग आत ओढला जाणारा माणूस कंबरेने करणार, तो कडक असणे म्हणजे तो नसल्यासारखेच आहे, म्हणून आम्ही ते यंत्र सुरूच केले नाही. त्यांनी दुसरे पाठवले, आणि त्याचा दांडा पंजाच्या हलक्या धक्क्याने फिरला. यंत्रे परत करताना चेनसॉच्या साखळीचा ताण सैल करून ठेवला, कारण तापलेली साखळी निवताना आखडते, आणि कडक दांड्याची तक्रार पावतीवर लेखी नोंदवून तिची प्रत घेतली. ते यंत्र दुरुस्तीपर्यंत कोणालाही देऊ नये, असे तंत्रज्ञाने माझ्यासमोर त्याच्यावर चिठ्ठी चिकटवून लिहिले.